उसाला दिलेलं नत्र जातं कुठे? शिरोळपासून गगनबावड्यापर्यंतचा हिशेब

सरीवरंबा
आडसाली (जुलै-ऑगस्टात केलेल्या) उसाच्या लावणीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६०. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर ३४८ किलो युरिया लागतो, ४५ किलोची पावणेआठ पोती. एकरी ६० टन ऊस निघाला आणि टनामागे किलोभर नत्र उसाबरोबर कारखान्याला गेलं असं धरलं, तरी हिशेब ६० किलोचाच लागतो. मग उरलेलं शंभर किलो कुठं गेलं?

"उडून जातं", "वाहून जातं" एवढं सगळेच सांगतात. कुठल्या जमिनीत कुठल्या वाटेनं जातं आणि ती वाट बंद कशी करायची, हे नीट लिहा. आपल्या एकाच कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळची चोपण (सोडियम साठून बिघडलेली) काळी जमीन आहे आणि गगनबावड्याची तांबडीही आहे. दोन्हीकडं पोतं एकच, शिफारसही एकच. आणखी एक, हवेत ७८ टक्के नत्र असताना पोतं विकत का घ्यावं लागतं, तेही कुणीतरी सांगा.

मातीवाचक
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. एक एकर रानाच्या डोक्यावर हवेचा जो स्तंभ आहे, त्यात ३० हजार टनांहून जास्त नत्र आहे. पण ते दोन-दोन अणूंच्या जोड्यांनी आहे आणि त्या जोडीतला बंध तिहेरी आहे. तो तोडायची ताकद कुठल्याच पिकाच्या मुळात नाही. निसर्गात हे काम आकाशातली वीज करते आणि काही जिवाणू करतात. विजेचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. पावसातून एकूण उतरणारं नत्र वर्षाला एकरी थोड्याच किलोंत मोजायचं. वळवानंतर पीक एकदम काळंभोर होतं ते मुख्यतः तापलेल्या जमिनीला ओल मिळून सेंद्रिय पदार्थातलं नत्र सुटतं म्हणून.

कारखान्यात हाच बंध तोडायला लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं त्याचा कारखाना उभा केला. लागणारा हायड्रोजन आज बहुतेक नैसर्गिक वायूतून येतो. म्हणून वायू महागला की पोत्यावरचं अनुदान वाढतं.

आता रानात. युरिया पीक थेट फारसा घेत नाही. मातीत आणि काडीकचऱ्यात युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ओलीत दोन-तीन दिवसांत युरियाचं अमोनियम करतं. पुढं नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा गटाचे त्याचं नायट्रेट. उबदार, वाफशाच्या जमिनीत एक ते तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियमचं नायट्रेट झालेलं असतं.

या तिन्ही रूपांचं वागणं वेगळं आहे आणि तुमचे शंभर किलो त्यातच अडकलेत. युरियाला भार नसतो, तो पाणी नेईल तिकडं जातो. अमोनियम धनभाराचं, ते चिकणमातीच्या कणाला धरून बसतं, पण उघड्यावर आणि विम्ल (आम्लाच्या उलट गुणाच्या) जमिनीत त्याचा अमोनिया वायू होतो. नायट्रेट ऋणभाराचं आणि मातीचा कणही ऋणभाराचा, म्हणून माती त्याला धरत नाही. जास्त पाणी झालं की ते मुळाखाली जातं आणि पाणी साचलं की जिवाणू त्याचा पुन्हा वायू करतात.

खुणेचं नत्र (१५ वस्तुमानाचं समस्थानिक) वापरून उसावर जे प्रयोग झालेत, त्यांत दिलेल्या खतातलं पहिल्या वर्षी पिकात गेलेलं नत्र बहुतेक वेळा २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान सापडतं. बराच भाग जमिनीच्या सेंद्रिय साठ्यात जातो, तो तोटा नव्हे. बाकीचं मात्र खरोखर गेलेलं असतं.

शिरोळ_काळी
आमच्याकडची वाट उडून जाण्याची. आकडे बघा म्हणजे पटेल. सामू (पीएच) ७ असेल तर अमोनियमपैकी जेमतेम अर्धा टक्का अमोनिया वायूच्या रूपात असतं. सामू ८ ला ५ टक्के, ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. शिरोळ-हातकणंगल्यातल्या चुनखडीच्या आणि चोपण जमिनी आठच्या पुढंच असतात. त्यात युरियाचा दाणा विरघळताना स्वतःच्या भोवती सामू आणखी चढवतो, कारण युरिया फुटताना आम्ल खर्च होतं. म्हणजे सात सामूच्या जमिनीतही दाण्याजवळ काही दिवस आठ-नऊचा सामू असतो. वर पडलेल्या युरियातलं पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नत्र उन्हाळ्यात आठवड्याभरात हवेत जाऊ शकतं.

सगळ्यात वाईट पद्धत आपल्याकडं सर्रास चालते: आधी पाणी पाजायचं, ओल्या सरीत युरिया फेकायचा आणि पुढचा फेर आठ-दहा दिवसांनी. दाणा विरघळण्याइतकी ओल आहे, खाली नेण्याइतकं पाणी नाही, वरून ऊन आणि वारा. यापेक्षा कोरड्या पृष्ठभागावर टाकलेला युरिया बरा, पण त्याच दिवशी पाणी मिळालं पाहिजे.

बंद करायचा उपाय एकच, माती. युरिया दोन ते तीन इंच मातीआड गेला की वर येणारा अमोनिया मातीच धरून ठेवते आणि तोटा नगण्य होतो. लावणीच्या उसात सरीच्या बगलेला चळी (उथळ चर) घेऊन खत पेरा आणि लगेच माती ओढा. बाळभरणी आणि मोठी भरणी (उसाच्या बुडाला माती चढवणं) या दोन्ही वेळा तर माती हलणारच असते. खत आधी टाकून मग भरणी करायची, भरणी झाल्यावर वरून फेकायचं नाही. नंतरचं पाणी हलकं द्या. पाट तुडुंब सोडला तर विरघळलेला युरिया सरीच्या शेपटाला जाऊन बसतो. शेपटाकडचा ऊस गडद आणि तोंडाकडचा पिवळा दिसत असेल तर कारण हेच असतं.

कासारी_काठ
पण आता युरिया निमकोटेड आहे. मग उडायचा प्रश्न कमी नाही का झाला?

मातीवाचक
नाही, आणि हा गैरसमज मोडायलाच हवा. २०१५ पासून देशातला अनुदानित युरिया सगळा निमकोटेड आहे. कडुनिंबाच्या तेलातले घटक नायट्रोसोमोनासला काही दिवस दाबतात, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होणं लांबतं. त्याचा फायदा पावसाच्या आणि भाताच्या भागात आहे. युरिएज विकर त्यानं थांबत नाही. उलट विम्ल जमिनीत वर टाकलेल्या निमकोटेड युरियाचं अमोनियम जास्त दिवस अमोनियम राहतं, म्हणजे उडायला मुदत वाढते. शिरोळमध्ये निमकोटेड असो वा साधा, मातीआड करणं चुकत नाही.

शिरोळ_काळी
अमोनियम सल्फेटचंही सांगून ठेवतो, कारण खारपड जमिनीला ते चांगलं म्हणून दुकानदार देतात. चांगलं आहेच. २०.५ टक्के नत्र, २३ टक्क्यांच्या आसपास गंधक, वरून आम्लधर्मी. पण चुनखडी जमिनीत ते वर टाकलं तर चुन्याशी क्रिया होऊन अमोनियम कार्बोनेट तयार होतं आणि त्यातूनही अमोनिया उडतो. म्हणजे तेही मातीआडच.

धामणी_खोरं
पश्चिमेकडची बाजू मी मांडतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या तांबड्या जमिनींचा सामू साडेपाच-सहाच्या आसपास असतो. तिथं उडण्याची भीती कमी, धुपून-झिरपून जाण्याची जास्त. गगनबावड्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. निचऱ्याच्या जमिनीत मुरलेलं १०० मि.मी. पाणी नायट्रेटला साधारण फूटभर खाली ढकलतं. आषाढातल्या दोन-तीन दिवसांतच एवढं पाणी मुरतं. जूनच्या अखेरीस दिलेल्या हप्त्यातलं जे नायट्रेट झालं असेल, ते जुलै संपेपर्यंत उसाच्या मुळाच्या आवाक्यात राहत नाही.

म्हणून या पट्ट्यात हप्ते लहान करा. शिफारशीतले हप्ते असे आहेत: लावणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला ४०. एकरी १६० किलोच्या हिशेबानं युरिया ३५, १३९, ३५ आणि १३९ किलो होतो. यातला १३९ किलोचा हप्ता जोरदार पावसाच्या तोंडावर येत असेल तर त्याचे दोन भाग करावेत, मधे तीन आठवडे ठेवून. नायट्रेटयुक्त खतं पावसाळ्यात इथं वापरूच नयेत.

दुसरी गोष्ट, आम्लता. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं. युरियातून दिलेल्या एक किलो नत्रानं जमिनीत जी आम्लता वाढते ती मारायला पावणेदोन-दोन किलो चुना लागतो आणि अमोनियम सल्फेटच्या एक किलो नत्रामागं पाच किलोहून जास्त. वर ज्या खताचं शिरोळसाठी कौतुक झालं, ते आमच्या तांबड्या रानात वर्षानुवर्षं टाकत गेलं तर सामू पाचाखाली उतरतो. मग नायट्रीकरण मंदावतं, शेंगवर्गीय पिकांच्या गाठी धरत नाहीत आणि मॉलिब्डेनम मिळेनासं होतं. माती तपासून चुना द्या, अंदाजानं नको.

भातात तर पाणी साचवायचंच असतं. तिथं युरिया चिखलावर फेकला की वरच्या पाण्यातलं शेवाळ दिवसा कर्बवायू वापरतं, पाण्याचा सामू दुपारी नऊपर्यंत चढतो आणि अमोनिया उडतो. त्यावरचा उतारा चारसूत्री पद्धतीत आहे. १५ आणि २५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतरावर चार-चार चुडांचे चौकोन करायचे. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, ७ ते १० सें.मी. खोल हातानं खोचायची. एकरी २५ हजार ब्रिकेट, वजन साडेसदुसष्ट किलो, त्यातून नत्र सुमारे २३ किलो. खालच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून अमोनियम अमोनियमच राहतं आणि भाताला ते चालतं. ब्रिकेट उथळ बसली किंवा खोचल्यावर खळगा उघडा राहिला तर सगळा खटाटोप वाया जातो. आणि बांध फुटका असेल तर पहिल्याच दिवशी पाणी बदलतं, तिथंही उपयोग नाही.

सरीवरंबा
हे फार कामाचं. आता पाणी साचलेल्या उसाचं सांगा. पंचगंगेचं पाणी रानात आठ-दहा दिवस उभं राहिलं तर आधी दिलेल्या खताचं काय होतं?

मातीवाचक
जमिनीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की एक-दोन दिवसांत जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात. मग काही जिवाणू श्वासासाठी प्राणवायूच्या जागी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा हवेतला मूळ नत्रवायू. याला विनायट्रीकरण म्हणतात. चार गोष्टी जुळल्या की ते वेगानं होतं: नायट्रेट, प्राणवायूचा अभाव, कुजणारा सेंद्रिय पदार्थ आणि ऊब. ऑगस्टमध्ये चारही हजर असतात. आठ-दहा दिवसांत जमिनीतलं नायट्रेट जवळपास संपलेलं धरा. अमोनियम मात्र मातीला धरून टिकतं. अर्धवट राहिलेली क्रिया नायट्रस ऑक्साइडवर थांबते आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवणारा आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी ओसरताच चिखलात युरिया टाकलेला ठिकठिकाणी दिसला. त्याचा उपयोग होत नाही. मुळं गुदमरलेली असतात, ती शोषून घेत नाहीत आणि वरचा थर सुकला-भिजला की ते नत्रही याच वाटेनं जातं. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत पानांवर २ टक्के युरियाची फवारणी करता येते, १०० लिटर पाण्यात २ किलो. एकरी २०० लिटर फवारणी म्हणजे ४ किलो युरिया, नत्र १.८ किलो. ही तात्पुरती सोय आहे, त्यानं हप्ता भरून निघत नाही. नवी पांढरी मुळी दिसली की मातीआड हप्ता द्या, तोही मोठ्या भरणीची वेळ टळून गेली नसेल तरच.

खोडवा_राखा
पाचटाचा प्रश्न. पाचट (तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला) ठेवलं की खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, दोन महिने पिवळा राहतो म्हणून लोक पेटवतात. पिवळा का राहतो?

मातीवाचक
पाचटात कर्ब (कार्बन) ४० टक्क्यांच्या वर आणि नत्र जेमतेम ०.४ ते ०.५ टक्के. एक टन पाचटात ४२० किलो कर्ब आणि साडेचार किलो नत्र धरलं तर गुणोत्तर ९३ ला १ येतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५-३० ला १ च्या आसपासचं अन्न पुरेसं असतं. त्यापेक्षा कर्ब जास्त झाला की कमी पडणारं नत्र ते जमिनीतून उचलतात आणि पिकाला ते तेवढ्यापुरतं मिळत नाही. ही उसनवारी आहे, नत्र जिवाणूंच्या अंगात असतं आणि ते मेले की परत सुटतं. पण खोडव्याचे फुटवे त्याच दिवसांत निघत असतात.

म्हणून शिफारस आहे की टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. ८ किलो युरियात ३.७ किलो नत्र, म्हणजे गुणोत्तर ९३ वरून ५१ वर येतं. पूर्ण तूट भरत नाही, कुजणं सुरू होण्यापुरतं होतं. हा युरिया उसाच्या हप्त्यात धरू नका.

एक धोका आहे. पाचटात युरिएज भरपूर असतं, मातीपेक्षा जास्त. पाचटावर युरिया पसरून तीन दिवस पाणी दिलं नाही तर तो उडून जाईल. पाचट सरीत दाबायचं, युरिया-सुपर टाकायचं, जिवाणू पसरायचे आणि त्याच दिवशी पाणी सोडायचं.

पेटवलं तर? एकरी चार टन पाचटातलं १६ ते २० किलो नत्र जवळपास सगळं धुरात जातं. एका युरियाच्या पोत्यात २०.७ किलो असतं.

खोडवा_राखा
आणि पाचट असताना उसाचं खत मातीआड कसं घालायचं?

शिरोळ_काळी
पहारीनं. बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, १५ ते २० सें.मी. खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर. खताचं मिश्रण टाकून भोक पायानं बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरवड्याच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा साडेचार महिन्यांच्या सुमारास दुसऱ्या बाजूला. जमीन वाफशावर हवी. ओल्या काळ्या रानात पहार मारली तर भोकाच्या कडा लिंपल्या जातात आणि खत त्या गुळगुळीत नळीतच राहतं.

गाठी_मुळांच्या
आता जिवाणूंकडे वळू. तो तिहेरी बंध साध्या तापमानाला तोडणारं विकर म्हणजे नायट्रोजिनेज. त्याच्या मर्मात लोह आणि मॉलिब्डेनम असतं आणि प्राणवायूचा स्पर्श झाला की ते निकामी होतं. म्हणूनच सोयाबीनच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, प्राणवायू मोजून-मापून पुरवायला. गाठ कापल्यावर दिसणारा गुलाबी-लाल रंग त्याचाच. पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी रोप खुरप्यानं मातीसकट उचला (उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात) आणि मुख्य मुळाजवळच्या मोठ्या गाठी नखानं फोडा. लाल असतील तर काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर त्या नुसत्या शोभेच्या.

जिवाणू न चालण्याची कारणं ठरलेली असतात. भुईमुगाचं पाकीट सोयाबीनला लावलेलं असतं, पण सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जपोनिकमच लागतं. पाकीट मुदतबाह्य किंवा उन्हात ठेवलेलं असतं. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवलेले असतात. बुरशीनाशक आधी लावून बियाणं सुकवायचं, मग १० किलोला २५० ग्रॅम जिवाणू गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळायचे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. आणि पेरताना युरिया जास्त टाकला की झाड गाठी धरायचे कष्टच घेत नाही.

"सोयाबीननं जमिनीत नत्र वाढतं" हे सरसकट खरं नाही. एकरी ८ क्विंटल दाण्यात ४८ किलोच्या आसपास नत्र बाहेर जातं. झाडानं घेतलेल्या एकूण नत्रातलं साधारण निम्मं ते ६० टक्के हवेतलं असतं, बाकीचं जमिनीतलंच. भुसकटही मळणीनंतर उचललं तर खात्यात उणेच राहतं. पुढच्या उसासाठी नत्र हवं असेल तर ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं पीक करा आणि फुलोऱ्यावर, ४५ ते ५० दिवसांत गाडा. त्यातून एकरी २५-३० किलो नत्र मिळतं. चोपण आणि पाणथळ जमिनीला धैंचाच. फुलोरा उलटून गेला की ताग जून होतो, काडीत कर्ब वाढतो आणि पाचटासारखाच नत्र अडकवून ठेवतो.

उसासाठी असिटोबॅक्टर. ग्लुकोनासिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हा जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या गटानं उसाच्या आतून वेगळा केला, १९८८ मध्ये. तो उसाच्या पेशींमधल्या गोड, आंबट रसात राहतो. बेण्याला आधी कार्बेन्डाझिम, १०० लिटरला १०० ग्रॅम, १० मिनिटं. टिपऱ्या निथळून सावलीत सुकवायच्या. मग १०० लिटर पाण्यात १० किलो असिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, ३० मिनिटं. हे हेक्टरभर बेण्याचं प्रमाण. क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात. यावर नत्र निम्म्यानं कमी करायची शिफारस आहे. माझं मत असं की पहिल्या वर्षी सगळ्या रानात निम्मं करू नये. चार सऱ्या पूर्ण मात्रेच्या, चार पाऊण मात्रेच्या आणि चार निम्म्या ठेवून वजन करावं. भरपूर युरिया पडलेल्या रानात हा जिवाणू नीट वसतच नाही, म्हणून उपचारही करायचा आणि पोतीही तीच ठेवायची, यात अर्थ नाही.

माळावरचा
जीवामृतानं युरिया बंद करता येतो का?

गाठी_मुळांच्या
बेरीज करून बघू. एकराला २०० लिटर: शेण १० किलो, गोमूत्र १० लिटर, बेसन २ किलो, गूळ २ किलो. ताज्या शेणात नत्र ०.३ टक्के, म्हणजे ३० ग्रॅम. गोमूत्रात एक टक्का धरला तर १०० ग्रॅम. बेसनात प्रथिनं २०-२२ टक्के, म्हणजे नत्र ७० ग्रॅम. एकूण २०० ग्रॅम. महिन्याला एकदा दिलं तरी वर्षात अडीच किलो. जिवाणूंना चालना म्हणून जरूर द्या, पण १६० किलोच्या हिशेबात ते धरता येणार नाही. नॅनो युरियालाही हीच फुटपट्टी लावा. ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र २० ग्रॅम, पोत्यात २०.७ किलो.

खरं सेंद्रिय नत्र शेणखतात आहे, १० टनांत ५० किलो. पण आपल्याकडचा उकिरडा उघड्यावर असतो आणि म्हशीचं मूत गटारात जातं. जनावर जे नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्मं, बरेचदा जास्तच, मुतात असतं आणि ते युरियाच असतं. गोठ्याच्या उतारावर पाचटाचा थर टाका, तो भिजला की खड्ड्यात घाला आणि वर चार बोटं माती.

गुऱ्हाळघर
गुळाच्या बाजूनं एक भर. कोल्हापुरी गुळाचा रंग आणि रवा नत्राच्या वेळेवर फार अवलंबून आहे. मोठ्या भरणीनंतर, म्हणजे पाचव्या महिन्यानंतर युरिया दिला की ऊस वाढतच राहतो, पिकत नाही. रसात अमिनो आम्लं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त राहतात. काहिलीत तापल्यावर हे दोन्ही एकमेकांशी जुळून रंग काळपट करतात. साखरेचं प्रमाण कमी असल्यानं ढेप घट्ट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. मग रंगासाठी हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) वाढवलं जातं. गुळाला ऊस द्यायचा असेल तर उशिराचा "टॉनिक" हप्ता पूर्ण टाळा.

कासारी_काठ
पिवळेपणा नत्राचाच आहे हे ओळखायचं कसं? आमच्या शेजारच्या रानात तीन वेळा युरिया टाकूनही रंग आला नाही.

शिरोळ_काळी
कुठलं पान पिवळं आहे ते बघा. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडतात. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत नेहमीचाच. तिथं युरिया कितीही टाका, रंग येत नाही. अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे १०० लिटरला ५०० ग्रॅम, ताजं द्रावण करून आठवड्याच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या करा. कोवळं पान शिरांसकट एकसारखं फिकट असेल तर गंधक तपासा.

नदीकाठ_नरसोबावाडी
शेवटची वाट कुणी घेतली नाही, म्हणून लिहितो. मुळाखाली गेलेलं नायट्रेट नाहीसं होत नाही, ते विहिरीत आणि ओढ्यात येतं. पंचगंगेतली जलपर्णी त्यावर आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. ती बाहेर काढून खत करावं, पण नत्राची फार आशा नको. टनभर ओल्या जलपर्णीत ९५ टक्के पाणी असतं आणि नत्र जेमतेम किलोभर.

विहिरीचं गणित मात्र मोठं आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे शुद्ध नत्र १० मिलिग्रॅम. अशा पाण्याचा एकरी ६ सें.मी.चा एक फेर म्हणजे २ लाख ४० हजार लिटर, त्यात २.४ किलो नत्र. वीस फेरांत ४८ किलो. सव्वादोन पोती युरिया पाण्यातूनच येतो आणि तो कुणी हिशेबात धरत नाही. पाण्यात नायट्रेट ९० असेल तर याच्या दुप्पट.

आणि अशा विहिरीचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात वापरू नये. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यानं उलट वाढतं.

सरीवरंबा
माझा शंभर किलोचा हिशेब बराचसा जुळला. विहिरीच्या पाण्याचा नमुना कसा आणि कधी घ्यायचा?

नदीकाठ_नरसोबावाडी
दोनदा घ्या. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, कारण दोन्हींत मोठा फरक पडतो. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मग अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. खताचं पोतं हाताळलेल्या हातानं झाकण लावू नका. बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर बाटलीतलेच जिवाणू आकडा बदलतात. अहवाल आला की "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट-नत्र" हे आधी बघा. पहिला आकडा असेल तर ४.४३ नं भागा, दुसरा असेल तर तसाच वापरा. मग त्या आकड्याला एकरी पाण्याच्या सेंटिमीटरनं गुणून ०.०४ नं गुणा, नत्र किलोत मिळेल. तेवढं मोठ्या भरणीच्या हप्त्यातून वजा करा.